कोठीला दार का नाही

१

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, डॉक्टरने नाही, आणि स्टुडिओतल्या मोठ्या बाईंनी तर मुळीच नाही. बाई शेवटपर्यंत माझ्याशी गोड बोलल्या, त्याचाच जास्त राग आला. अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जाता येतं. "मावशी, दमलाय तुम्ही, जरा बसा," म्हणणाऱ्याचं काय करायचं?

आमच्या गल्लीचं सामाईक घर बांधून झालं त्याला चार वर्षं झाली. घर झकास आहे. उजेड आहे, वारा आहे, म्हाताऱ्यांना पायऱ्यांऐवजी उतार आहे, पोरांना भिंतीवर चित्रं काढायची मोकळीक आहे. फक्त मागच्या कोपऱ्यात सहा फूट बाय चार फुटांची एक कोठी आहे आणि तिला दार नाही. खिडकी नाही, झरोका नाही. नवीन माणूस आला की भिंतीवर थाप मारून विचारतो, "आत काय आहे हो?" जुनी माणसं हसतात. म्हणतात, "कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालीय देव जाणे."

आता गल्लीने ठरवलंय की खुर्च्या ठेवायला जागा नाही, तर कोठीची भिंत फोडायची आणि दार बसवायचं. गवंड्याला सांगून झालंय. म्हणून मी हे लिहायला बसले.

माझं शिक्षण चौथी. पण अक्षर चांगलं आहे, आणि खोटं लिहायला जास्त शिक्षण लागतं. गल्लीत मला तोफ म्हणतात. तोंडावर म्हणतात, मला चालतं. जे मला जेव्हा कळलं ते तेव्हाच सांगते, आधी नाही. नाहीतर तुम्हीही म्हणाल, दमलीय बाई.

२

मी स्टुडिओत झाडलोट करते, ब्रश धुते, कुंड्यांना पाणी घालते, चहा करते. मला काम आवडतं. पूर्वी ते गोदाम होतं. उंच छप्पर, वरून काचेतून ऊन येतं, आणि सकाळी नऊच्या सुमारास फरशीवर असा लख्ख चौकोन पडतो की त्याच्यात उभं राहून चहा प्यावा.

ही माणसं इमारती आखतात आणि चित्रंही काढतात, पण ज्यांना तिथे वावरायचंय त्यांना बोलावून, त्यांच्याकडून. पद्धत अशी की आधी सगळी इमारत फरशीवर खडूने काढायची. खऱ्या मापाने. आठ फुटांची खोली म्हणजे फरशीवर आठ फूट. एक उंच, वाकलेला माणूस आहे, आम्ही त्याला दोरीवाला म्हणतो. तो दोरी चुन्यात घोळवतो, दोन टोकांना ताणतो आणि टण्कन सोडतो. पांढरी रेघ उमटते. रेघ म्हणजे भिंत, रेघेतली फट म्हणजे दार. एवढं मलाही पहिल्याच दिवशी समजलं.

मग लोक त्या रेघांच्या घरात चालून बघतात. पहिली दहा मिनिटं सगळे भिंतींतून आरपार जातात आणि खिदळतात. अर्ध्या तासानंतर कुणी रेघ ओलांडत नाही. वळसा घालून फटीपाशी येतात, चपला बाहेर काढतात आणि आत जातात. एक गृहस्थ तर गप्पा मारता मारता रेघेला टेकायला गेले आणि सपशेल आडवे झाले. बाई म्हणाल्या, "आता घर खरं झालं."

लोकांना लाल खडू देतात. इथे भिंत नको, तिथे ओटा हवा, जे वाटेल ते लाल रेघेने काढायचं. मग वहीत लिहायचं: रेघ कुठे, कारण काय, रेघ कुणाची. आणि स्टुडिओचा नियम एकच, पण दगडावरचा. लाल रेघ लोकांची. ज्याने ओढली त्यानेच पुसायची. बाईंनीसुद्धा हात लावायचा नाही. माझ्याआधी झाडायला होती तिने एकदा फडका मारला, तर तिला दुसरं काम शोधावं लागलं.

३

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. पन्नाशीची. लग्न केलं नाही. "एका घरात मावत नाही मी," म्हणायची. राहते आमच्याकडेच, पण राहते असं म्हणणंही जास्त झालं. गल्ली तिला भिंगरी म्हणते. शेवटच्या घरातल्या आजोबांची औषधं आणायची हिने, कुणाची किल्ली पोचवायची हिने, कुणाचं पोर शाळेतून आणायचं हिने. पायात निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला, डाव्या पायातला पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. फटक फटक फटक. ती गल्लीच्या तोंडाशी असली तरी मला स्वयंपाकघरात कळायचं. पंचवीस वर्षं आम्ही भांडतोय आणि एकीने ताट घेतल्याशिवाय दुसरी घेत नाही.

त्या रविवारी आमच्या गल्लीच्या घराची चालणी होती, म्हणजे रेघांच्या घरात चालून बघायचा दिवस. पंचवीस-तीस माणसं. लाल खडू वाटायचं काम माझ्याकडे, पिशवी माझ्या कमरेला. वन्सं चपला घालूनच सगळ्या घरभर. हातात चहाचा कप. शेवटी मागच्या कोठीत शिरली. तेव्हा कोठी आठ बाय सहा होती.

"ही मला द्या," म्हणाली. "बिऱ्हाड करते."

तेवढ्यात चहा सांडला, नेमका कोठीच्या दारात. मी फडका घेऊन उकिडवी बसले.

"वन्सं, एका जागी बसून चहा प्यायलात तर मरणार नाही तुम्ही."

"बसवून दाखव."

"दाखवू? बाहेरून कडीच घालते."

"घाल की. तेवढी तरी तुझ्या हातून नीट लागते का बघू."

दोघी हसलो. पलीकडून कुणीतरी खडू मागितला, मी उठून गेले. ती आतच उभी होती, कप तोंडाला लावून.

एवढंच मला आठवत होतं.

संध्याकाळी बाईंनी वही आणि फरशी ताडून पाहिली. एक रेघ जास्त निघाली. कोठीच्या दाराची फट लाल रेघेने बंद केलेली होती, आणि वहीत तिची नोंद नव्हती.

"कुणाची ही?" बाईंनी विचारलं. बरेचसे लोक गेले होते. राहिलेल्यांनी माना हलवल्या.

बाईंनी वहीत लिहिलं: जागा, कोठीचं दार. पुढचे दोन रकाने मोकळे सोडले. म्हणाल्या, "मालक येईल तेव्हा सांगेल. तोवर राहू दे."

४

मी घरी पोचले तेव्हा वन्सं खिडकीपाशी खाली बसली होती. पाय पसरून. मी दिवा लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचे तळवे पांढरे आहेत.

"अनवाणी आलात?"

"आले की."

"चपला कुठायत?"

तिने पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हसली. "नाहीत वाटतं."

आता तुम्ही म्हणाल, खडूच्या फरशीवर फिरलेली बाई, तळवे पांढरे होणारच. मीही तेच म्हटलं. साबणाने धुऊन दिले. पाणी स्वच्छच राहिलं आणि तळवे पांढरेच राहिले. तिच्या टाचांना भेगा होत्या, मी वर्षानुवर्षं मलम लावून दिलंय त्या भेगांना. त्या दिसल्या नाहीत.

सोमवारी ती बाहेर गेली नाही. मंगळवारी नाही. आजोबांची औषधं मी नेली. त्यांनी विचारलं, "भिंगरी आजारी आहे?" मी म्हटलं, नाही, बरी आहे. आणि खरंच बरी होती, तेच तर. दोन वेळा नीट जेवायची. कुणाला वाकडं बोलायची नाही. मी मुद्दाम टोचून बोलले, तरी हसायची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी भांडी मला वाटेल तशी लावता आली.

"सुखात आहे गं," हे म्हणाले. "फिरून फिरून दमली असेल. बसू दे की."

"ती बसलेली नाही हो. तुम्ही बघा तरी."

ती मधून मधून उठायची. खिडकीपासून कपाटाच्या दिशेने चालायची, आणि मध्येच वळायची. जिथे वळायची तिथे काही नव्हतं. मोकळी फरशी. मग तशीच परत, दुसऱ्या बाजूला चार पावलं, आणि पुन्हा वळण. मी झाडूच्या दांड्याने मोजलं. आठ फूट एकीकडे, सहा फूट दुसरीकडे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "स्टुडिओत काम करून तुलाही मापं घ्यायची सवय लागली."

५

सोमवारपासून कोठीपाशी माझा झाडू अडत होता.

मी रोज ओळीने झाडत जाते, रेघांना धक्का न लावता. झाडू हलका धरून रेघेवरून उचलायचा, पलीकडे टेकायचा. कोठीपाशी आले आणि झाडू ठक्कन थांबला. जसा भिंतीला लागतो तसा. वाटलं, फरशी उचलली असेल. हात फिरवून पाहिला, गुळगुळीत. पुन्हा झाडू घातला, पुन्हा ठक्. मग मी कोठी तशीच सोडली आणि पुढे गेले. नंतर माझ्या लक्षात आलं की बाकी सगळेही वळसाच घालतात. रविवारची चालणी संपल्यावर घर पुन्हा नुसती फरशी होतं, सगळे त्यावरून हवे तसे जातात. तेव्हाही दोरीवाला शिडी घेऊन भिंतींतून आरपार आला आणि कोठीपाशी मात्र वळला. मी विचारलं, "सरळ का नाही गेलास?"

"कुठे?" तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी मी एकटी होते. ऊन चौकोनात पडलं होतं, चहा हातात होता. मागच्या कोपऱ्यातून आवाज आला. फटक फटक फटक फटक, थांबला. पुन्हा फटक फटक.

मी म्हटलं, पाण्याचा पंप. जाऊन पाहिलं, पंप बंद. म्हटलं, वरच्या काचेचा कागद फडफडतोय. वर पाहिलं, कागद कधीच काढून टाकला होता. मग मी तिथेच उभी राहिले आणि ऐकलं. आवाज चार पावलांनी वळत होता. डावं पाऊल जरा घासत होतं, पट्ट्याला पिन लावली की घासतं तसं.

त्या दिवशी दुपारी बैठक झाली. व्हीलचेअर आत नेता यावी म्हणून न्हाणीघर मोठं करायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "दोन फूट कोठीतून घेऊ. कोठीचं तसंही काही अडत नाही." दोरीवाल्याने ओल्या फडक्याने एक पांढरी रेघ पुसली आणि दोन फूट आत नवी टण्कन मारली. लाल रेघेला कुणी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी वन्सं खिडकीपासून चालू लागली आणि सहाव्या फुटाला वळली.

६

बुधवारी डॉक्टर घरी आले. तपासून म्हणाले, "यांचं ब्लड प्रेशर तुमच्यापेक्षा चांगलं आहे." वन्सं हसली. त्यांना म्हणाली, "जागा पुष्कळ आहे." डॉक्टरांना वाटलं, बसायला सांगतेय. बसले.

मी स्टुडिओत जाऊन दोरीवाल्याला गाठलं. "ती लाल रेघ तूच मारलीस. दोरी तुझ्या हातात होती."

"मावशी, दोरी पांढरी असते."

"मग कुणी मारली?"

"मला काय माहीत? उलट मीच वैतागलोय." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाईंना सांगू नका. काल मी ती पायाने पुसून पाहिली. मग फडक्याने. मग घासणीने. जात नाही. लाल खडू फरशीत मुरतो बहुतेक."

"बाकीच्या लाल रेघा मुरल्या नाहीत त्या?"

तो हातातल्या दोरीला गाठ मारत बसला.

मग मी गल्लीत घरोघर गेले. कोठीचं दार कुणी बंद केलं, सांगा. शिंप्याने डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी नाही. सुताराने म्हटलं, "तोफे, मी दारं करून पोट भरतो, मी कशाला बंद करू?" दोघांना वाट्टेल ते बोलून आले. शिंपी अजून त्या दिवसाची आठवण काढतो.

गुरुवारी बैठकीत उतार लांबवायचा ठरला. आणखी दोन फूट. कोठी सहा बाय चार.

मी बाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तळवे, चपला, झाडू, मोजलेली पावलं. बाईंनी पूर्ण ऐकलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मावशी, नणंद घरात बसली की घर बदलतं. तुमच्यावर ताण आलाय."

"माझ्यावर ताण नाही. तिच्यावर भिंती येतायत."

"उद्याच कोठी काढून टाकतोय आपण," बाई म्हणाल्या. आवाज इतका मऊ की मला त्यांना हलवावंसं वाटलं. "जागा अपुरीच पडतेय. दुपारी बारापर्यंत अंतिम होईल. मग तुमच्या मनातूनही निघून जाईल."

"काढून म्हणजे?"

"म्हणजे शून्य."

त्या वेळी मागच्या कोपऱ्यात चपला वाजत होत्या. आता दोन पावलांवर वळत होत्या, घाईघाईने, धाप लागल्यासारख्या. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या माझा हात थोपटत होत्या.

७

शुक्रवारी सकाळी मी निघाले तेव्हा वन्सं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. हनुवटी गुडघ्यांवर. चेहरा शांत, तकतकीत.

"वन्सं, बारा वाजता काय होणार आहे, माहितेय?"

"जागा पुष्कळ आहे, वहिनी," ती म्हणाली.

माझी वन्सं मला तू-तू-मैं-मैं केल्याशिवाय वहिनी म्हणत नाही. मी तशीच निघाले.

अकराला सगळे शेवटचं माप घ्यायला, घर बांधायचं होतं त्या जागेवर गेले. बाई, दोरीवाला, सगळे. टेबलावर नकाशा होता, त्यात कोठीवर पेन्सिलीने फुली. मी बादली भरली, फडका पिळला आणि कोठीच्या दारापाशी उकिडवी बसले. म्हटलं, नोकरी जाईल तर जाऊ दे. दोरीवाल्याची घासणी हरली असेल, मी रात्रीपर्यंत घासेन. नखांनी खरवडेन.

फरशीशी ओणवी होऊन फडका टेकवला आणि ओढला.

रेघ गेली. एका हाताने, एका फटकाऱ्यात. पाटीवरची जाते तशी. फडक्यावर लाल डाग, फरशी स्वच्छ.

मी फडक्याकडे बघत राहिले. ज्याने ओढली त्यानेच पुसायची. आणि मग माझा हात मला आठवला. उकिडवी बसलेली मी, डाव्या हातात चहाचा ओला फडका, उजव्या हातात लाल खडू, कारण मी वाटत होते. बाहेरून कडीच घालते. बोलताना माझा हात चालतो, गल्लीला माहीत आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन फूट, सरळ. ही बघा, घातली. आणि वन्सं आत.

आणि ती म्हणाली होती, एका जागी बसवून दाखव. आणि मला, खरं सांगते, एक क्षण वाटलं होतं, बसावीच एकदा. मिनिटभर तरी.

त्याच वेळी माझ्या कानाजवळून फटक फटक गेलं. मी मान वर केली नाही. माझे डोळे फरशीच्या बरोबरीने होते आणि मला फक्त खालचं दिसलं. निळ्या पट्ट्या. डावीकडे पिन. भेगाळलेल्या टाचा. फटीतून बाहेर, माझ्या बोटांना जवळजवळ तुडवत, पुढे मोठ्या दाराकडे, रस्त्याकडे. मोठं दार उघडलं नाही, पण आवाज बाहेर पडला आणि गल्लीच्या दिशेने लांब गेला.

मी हसले. मोठ्याने. बादलीशी बोलले बहुतेक.

मग मला दिसलं की कोठी रिकामी नाही.

अजून मी खालीच होते, गाल जवळजवळ फरशीला. फटीच्या पलीकडे, जिथे नुसती फरशी असायला हवी होती, तिथे अंधार होता, खोलीतला असतो तसा. आणि दोन तळवे माझ्याकडे वळलेले. पाय पसरून कुणीतरी भिंतीला टेकून बसलं होतं. तळवे पांढरे होते. एकही भेग नाही, एकही रेघ नाही. त्याच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहणारही नव्हते.

डाव्या पायाची बोटं हलली. मग गुडघा वर येऊ लागला, उठताना येतो तसा.

खडूची पिशवी कमरेला होती. मी लाल खडू काढला आणि फट भरली. यावेळी बोलता बोलता नाही. नीट, दाबून, दोनदा. खडू मोडला तर दुसरा घेतला.

फरशी पुन्हा फरशी झाली. झाडू घालून पाहिला. ठक्.

८

बारा वाजता सगळे परत आले. दोरीवाल्याने दोरी घोळवायला घेतली.

"कोठी काढायची नाही," मी म्हटलं.

बाई थांबल्या. "मावशी, कालच तुम्ही..."

"काल मला मालक माहीत नव्हता. रेघ माझी आहे. मी गल्लीतलीच आहे ना? मग माझी रेघ पाळा. कोठी सहा बाय चार राहील, आणि दार नको."

कोठी काढली तर आतलं कुठे जाईल, हे मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. आहे तिथे आहे, एवढं पुरे.

"पण कारण काय, मावशी? दार का नको?"

"दार असलं की कुणीतरी बाहेर येतं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना त्यात काहीतरी मोठं दिसलं. नंतर कुठल्याशा मासिकातही ते वाक्य छापून आलं म्हणे, खाली लिहिलं होतं, एक रहिवासी. दोरीवाला मात्र माझ्याकडे एकटक बघत होता. त्याने दोरी गुंडाळून ठेवली. नियम म्हणजे नियम. बाईंनी उताराला दुसरीकडून जागा काढली.

घरी गेले तेव्हा वन्सं नव्हती. आजोबांची औषधं आणायला गेली होती. यांनी सांगितलं, सव्वाअकराच्या सुमारास ती कुणी हाक मारल्यासारखी उठली, आणि यांची पापणी लवली असेल तेवढ्यात दारातच उभी, पायात चपला. "दादा, आजोबांच्या औषधाची वेळ झाली ना? आणि तू असा बसलायस काय, कामधंदा नाही?" हे खूश होते. आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बोललं होतं.

ती आली आणि माझी भांडी पाहून म्हणाली, "वहिनी, ही काय लावायची पद्धत आहे? आंधळ्याने लावली की काय?" मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग दोघींनी ताटं घेतली. तिला आठवड्यातलं काही आठवत नाही. फक्त एकदा म्हणाली, "सारखं वाटत होतं, एवढा चहा संपवू आणि निघू."

अजून फिरते. अजून भांडतो. मी तर म्हणेन चांगलं चाललंय आमचं. सामाईक घरात संध्याकाळी मी शिंप्याशी पत्ते खेळते, सकाळी तिथली झाडलोट माझ्याकडेच आहे. कोठीतून कधी आवाज येत नाही. कान लावून पाहिलंय. आतलीला फिरायची हौस नाहीच. फक्त रोज सकाळी मागच्या भिंतीपाशी, खाली, थोडी पांढरी भुकटी पडलेली असते. दोन फूट लांब. दाराएवढी. मी झाडते आणि पुढे जाते.

तर खुर्च्यांचं काय ते बघा. माझ्या घरी ठेवा, वन्सं ओरडेल पण ठेवा. भिंतीला हात लावू नका. ज्याने ओढली त्यानेच पुसायची, आणि मी पुसणार नाही. मी गेल्यावरही कुणी पुसायची नाही, म्हणून हे लिहिलं. आणि कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघाली म्हणून दर वेळी हसता ना, तर स्टुडिओत जाऊन ती वही मागा. रविवारची मोकळी ओळ मी शुक्रवारी स्वतःच्या हाताने भरली आहे. जागा, कोठीचं दार. कारण, दार नको. आणि रेघ कुणाची, त्या रकान्यात, चौथीच्या अक्षरात, आठवडाभर मी जिला दुसऱ्यांच्या घरी शोधत फिरले तिचं नाव:

तोफ.